बाटली भरलेलीच परत यायची

मी नाशिकला एका शाळेच्या बसवर मावशी आहे, पाथर्डी फाटा ते मुंबई नाका असा आमचा रूट. लोकांना वाटतं पोरं चढवायची उतरवायची एवढंच काम, पण बसमध्ये जे दिसतं ते वर्गात टीचरांना दिसत नाही.

एप्रिलचं ऊन होतं. सहावीतला एक मुलगा उतरताना त्याचं दप्तर मी हातात घेतलं तर केवढं जड, बघते तर पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली. बाकी पोरांच्या बाटल्या कधीच संपलेल्या. विचारलं, पाणी का नाही प्यायलास रे, तर खाली बघून म्हणतो, "मावशी, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं."

मला एकदम चर्रर्र झालं. तो बोलताना अडखळतो, म्हणून तिघं जण त्याला बाथरूममध्ये अडवून स्वतःचं नाव सांगायला लावायचे, आणि बाकीची उभी राहून हसायची. आई स्टॉपवर आली होती, म्हणाली रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून रडतो, लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरकडेही नेलं, पण हे काही बोललाच नाही.

मी तशीच शाळेत गेले. एक सर म्हणाले, चौघांना बोलवू, हात मिळवायला लावू, मिटलं. समुपदेशक मॅडमनी ठाम नाही सांगितलं, समोरासमोर उभं केलं तर घाबरलेलं पोर काहीच झालं नाही म्हणणार आणि नंतर त्याला दुप्पट त्रास होणार. प्रत्येकाशी वेगळं बोलल्या, तिघांच्या पालकांनाही वेगवेगळं बोलावलं, मधल्या सुट्टीत बाथरूमपाशी एक शिक्षक उभे राहायला लागले. आणि हसणाऱ्या पोरांशीही बोलल्या, फिनलंडच्या शाळांत छळ थांबवायला किवा म्हणून कार्यक्रम आहे त्यात बघ्यांवर मोठा भर असतो म्हणे, कारण हसणारं कोणी नसलं की छळणाऱ्याला मजा येत नाही. मला हे शंभर टक्के पटलं, बसमध्ये मी रोज तेच बघते. आता त्याच्या शेजारी आठवीतला एक समजूतदार मुलगा बसवते.

आई-वडिलांनो, डबा बाटली बघत जा, सारखं पोट दुखत असेल तर नाटक म्हणू नका, आणि शाळा ऐकत नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, फुकट लागतो.

आमच्याकडे तक्रारपेटी ऑफिसच्या दाराशीच आहे, चिठ्ठी कोण टाकतंय ते सगळ्यांना दिसतं, मग कोण टाकणार? परिवहन समितीच्या बैठकीत मी बोलले, पेटी जिन्याखाली हलवा म्हणून. अजून हलवली नाहीये, पुढच्या बैठकीत परत बोलणार आहे.