दुजेला दीड वाजता

हर्णैच्या बंदरावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि मासा औषधालासुद्धा नव्हता. मासळीच्या लिलावाचे इतके फोटो पाहिले होते की लिलाव तिथे दिवसभर चालत असणार अशी माझी पक्की समजूत. प्रत्यक्षात समोर काय, तर ओली वाळू, सुकलेल्या खवल्यांचा चकचकाट, कावळे, चार कुत्री आणि एका उलट्या होडीच्या सावलीत जाळं सांधत बसलेले एक आजोबा. आणि वास. त्याबद्दल आधीच सांगून टाकतो : हर्णैचा वास दापोलीच्या वाटेवर, शेवटच्या उतारालाच भेटायला येतो आणि परत निघेपर्यंत सोडत नाही. ज्यांना समुद्र म्हटला की पांढरी वाळू आणि शहाळं आठवतं, त्यांनी इथे न थांबता चार-पाच किलोमीटर पुढे मुरुडला जावं. मुरुडचा किनारा सुंदर आहे, महर्षी कर्व्यांचं गाव आहे, राहायची सोय उत्तम आहे. मला बंदरच बघायचं होतं.

आलो होतो रेल्वेने खेडपर्यंत, तिथून एसटीने दापोली आणि दापोलीहून दुसरी एसटी. हा शेवटचा पंधरा-सोळा किलोमीटरचा तुकडा मोठा छान. आसूदच्या आसपास रस्ता सुपारीच्या बागांमधून खाली उतरतो, खिडकीतून गार हवा येते. मध्येच मात्र एखादी वाडी विरळ दिसते, तोंडात दात नसल्यासारखी. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, पण दापोलीच्या किनारपट्टीलाही त्याने झोडपून काढलं होतं. पडलेल्या माडाच्या जागी माड लावता येतो, पण तो हाताशी यायला वर्षं जातात.

तर आजोबा. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, उजव्या हातात सुई, आणि नजर जाळ्यावर नाहीच. बोटं आपोआप चालली होती. फाटलेल्या भोकाच्या कडेचे धागे आधी कापून सरळ करायचे, मग सुई खालून घालून गाठ, परत खालून, परत गाठ. प्रत्येक डोळा आधीच्या डोळ्याएवढाच.

"बाजार नाही का आज?" मी विचारलं.

"आहे की. चारनंतर या."

"म्हणजे बंद आहे आत्ता?"

"बंद कशाला असेल? होड्या यायला नकोत? सकाळी एक होतो, संध्याकाळी एक होतो." मग मान वर करून म्हणाले, "आज तिथी काय?"

मला माहीत नव्हती. वार सांगता आला असता, तारीख सांगता आली असती, मोबाइलची बॅटरी किती टक्के उरली तेही सांगता आलं असतं. कालनिर्णय घरी भिंतीवर. शेवटी मोबाइलवरच शोधलं. शुद्ध द्वितीया.

"दुजेला दीड वाजता भरती," आजोबा म्हणाले. "तिथीला पाऊणपट करायची. दोनाचं पाऊणपट किती?"

"दीड."

"मग झालं. अष्टमीला आठाचं पाऊणपट सहा. थोडं इकडंतिकडं होतं, पण होडी चुकत नाही."

मी समोर पाहिलं. पाणी खरोखरच काठोकाठ आलेलं होतं. मी पाहत होतो अर्धा तास, पण मला तो नुसता समुद्र दिसत होता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते हे शाळेत शिकलो होतो, मार्कही मिळवले होते. त्याचा असा तोंडी पाढा करून खिशात ठेवता येतो हे ठाऊक नव्हतं. भरतीपासून साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेसात. त्यातून अमावास्या नुकतीच गेलेली, उधाणाचे दिवस. पाणी चढेलही खूप आणि उतरेलही खूप. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे लहान भरती असते, तेव्हा पाणी असं लांब जात नाही.

मधल्या वेळात एका घरगुती खानावळीत जेवलो. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. याहून जास्त लिहीत नाही, कारण कोकणच्या जेवणावर आधीच खूप लिहून झालंय आणि वाचणाऱ्याला उगाच भूक लागते.

चारला परत आलो तर बंदर ओळखू येईना. दीड वाजता जिथे पाणी होतं तिथे आता टेम्पो उभे होते. होड्या लांब, उथळ पाण्यात थबकलेल्या, आणि त्यांच्या दिशेने बैलगाड्या चाललेल्या. समुद्रात. हे दृश्य फोटोत कितीही वेळा पाहिलं असलं तरी प्रत्यक्षात मान आपोआप पुढे जाते. चाकं अर्धी बुडतात, मग बैलांच्या पोटाला पाणी लागतं, लाट आली की बैल तोंड वर करतात, आणि गाडीवान मात्र आपल्या शेतातून चालल्यासारखा उभा. जाताना गाडीत बर्फ, डिझेलचे कॅन, पिण्याचं पाणी. येताना मासळीच्या टोपल्या. माझ्या शेजारचा एक बैल पाण्यातून बाहेर आला, अंग झाडलं, आणि खाऱ्या थेंबांचा सडा माझ्या शर्टावर पडला. त्याच्या खुरांवर समुद्राच्या वाळूचा जाड थर बसला होता. गाडीवानाने टोपल्या उतरेपर्यंत बादलीभर गोडं पाणी त्याच्या पायांवर ओतलं, डोळ्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसल्या आणि गाडी पुन्हा वळवली.

मी फोटो काढत होतो. आणखी वीस-पंचवीस जण काढत होते. एक मुलगी पाठमोरी उभी राहून केस उडवत होती आणि तिचा मित्र बैल चौकटीत येण्याची वाट पाहत होता. टोपली उतरवणारा एक खलाशी जाता जाता म्हणाला, "काढा, काढा. धक्का झाला की हे बंद." त्यात तक्रार होती की थट्टा, कळलं नाही. पण मला ते लागलं. आम्हाला जे दृश्य वाटतं ती त्यांची अडचण आहे. होडीला टेकायला तेव्हा धक्का नव्हता, किनारा उथळ, पाणी उतरलं की होडी लांब राहते, म्हणून बैल. धक्क्याची मागणी जुनी आहे. तिथल्या कुणालाही विचारा, वर्षं मोजून दाखवतील. मी कॅमेरा लगेच पिशवीत ठेवला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. नाही ठेवला. आणखी सात-आठ फोटो काढले.

लिलाव मात्र फोटोत येत नाही, तो ऐकायचा असतो. वाळूवर ढीग पडतात, ढिगाभोवती माणसांचं कडं होतं, आणि मध्ये उभा असलेला माणूस आकडे म्हणायला लागतो. आकडा पुढे कुणी वाढवला हे मला एकदाही दिसलं नाही. कुणी भुवई उडवली, कुणी दोन बोटं मांडीवर आपटली, कुणी नुसतं खोकलं, आणि आकडा वर गेला. एक वार, दोन वार, तीन वार, आणि कडं मोडून पुढच्या ढिगाकडे. सगळं मिळून मिनिट-दीड मिनिट. बहुतेक मोठे ढीग व्यापाऱ्यांचे. बर्फ, भुसा, टेम्पो, आणि रात्रीच गाडी मुंबईच्या किंवा गोव्याच्या वाटेला. पापलेट, सुरमई, कोळंबी यांना गर्दी. म्हाकुळांचा ढीग स्वतःच्याच शाईत बसलेला, वाळू काळी करून. बाला नावाचा लांबलचक, चपटा, कल्हई केल्यासारखा मासा इथे ढिगांनी पडतो, पण आपल्याकडे त्याला फारसा मान नाही. त्याची उडी थेट परदेशात.

ढिगांच्या बाहेरच्या बाजूला बायका. व्यापाऱ्यांचं राज्य मधल्या कड्यात, इथे यांचं. टोपलीतून वाटे लावायचे, पाणी मारायचं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून भाव सांगायचा. माझ्या तोंडाकडे बघून जो सांगितला तो ऐकून शेजारची मावशी हसली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"मावशी, जास्त होतंय."

"जास्त होतंय तर कमी घे ना दादा. अर्धा वाटा घे."

"ताजा आहे ना?"

हा प्रश्न विचारायला नको होता. तिने एक सौंदाळा उचलला, कल्ला अंगठ्याने उघडला आणि माझ्या नाकाशी धरला. आत लालभडक. "आत्ता पाण्यातनं आला, तुझ्या डोळ्यांसमोर आला. शहरात बर्फातला आठ-आठ दिवसांचा घेतोस तेव्हा विचारतोस का?" शेजारच्या मावश्यांनी एका सुरात नाही म्हणून सांगितलं. मुकाट्याने वाटा घेतला. रात्री खानावळीतल्या काकूंनी तो तळून दिला.

सहाच्या पुढे उजेड गेला, टेम्पो गेले, वाळूवर वितळता बर्फ आणि कुत्री उरली. समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याची काळी रेघ समोर, आणि तिच्यावर दुजेची कोर. इतकी बारीक की डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नव्हती. एरवी मी चंद्राकडे चंद्र म्हणूनच बघितलं असतं. त्या दिवशी मनात आलं, उद्या तीज, म्हणजे सव्वादोन.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी आठला किल्ल्यावर न्या म्हणून होडीवाल्याला सांगायला गेलो आणि सांगता सांगताच थांबलो. सव्वादोनची भरती म्हणजे सव्वाआठला पूर्ण ओहोटी. "अकराला या, पाणी चढू दे," तो म्हणाला. साताऱ्याहून आलेलं एक मोठं कुटुंब होतं, आजीपासून कडेवरच्या बाळापर्यंत, त्यांच्यातच मला घातलं.

सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून हाकेच्या अंतरावर वाटतो. तिथे धक्का नाहीच, गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि चालत जायचं. माझा पाय शेवाळावरून सटकला, मी पाण्यात बसलो, आणि आजी नऊवारी खोचून माझ्या शेजारून सरळ चालत गेल्या. महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये असा दडवलाय की अगदी समोर जाईपर्यंत कळत नाही. पायरीवर कासव कोरलेलं, तटावर मारुती. तटाचा खालचा भाग बऱ्याच ठिकाणी मूळ कातळच तासून काढलेला. रचलेला दगड कुठे सुरू होतो ते हात फिरवून शोधावं लागतं. आत मात्र झाडोरा, पडके चौथरे, पाण्याच्या जागा आणि आपल्या लोकांनी टाकलेल्या बाटल्या.

हे आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. कान्होजी १७२९ मध्ये गेले, पुढे घरात फाटाफूट, तुळाजी आंग्र्यांचं आणि पेशव्यांचं जमेना, आणि एप्रिल १७५५ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी केलेल्या इंग्रजांच्या विल्यम जेम्सने समुद्रातून तोफा डागून हा किल्ला पाडला. किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे खरं तर याचेच पहारेकरी. आज कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि फत्तेगडावर वस्ती. मला गंमत वाटते ती वेगळीच. जेम्स मेल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर त्याच्या आठवणीसाठी तिकोनी मनोरा बांधला. तो अजून उभा आहे, आणि त्याचं नाव सेव्हर्नड्रूग. सुवर्णदुर्ग म्हणताना इंग्रजांच्या जिभेने त्याचं हे करून टाकलं. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आपला किल्ला पाडला आणि वर नाव पण नेलं?" आणि मारुतीला हात जोडून दरवाजाबाहेर पडल्या.

परतताना होडीवाल्याला विचारलं, पावसाळ्यात काय करता? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मग होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी दुरुस्त करायची, उधारी वाढवायची. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की पुन्हा समुद्र. "पण वर्ष आमचं तिकडनं सुरू होतं," तो म्हणाला, "जानेवारीत नाही."

निघायच्या आधी सोडे आणि सुके बोंबील घेतले. मावशीने तीन पिशव्यांत घालून वर कागद गुंडाळून दिलं आणि "वास येणार नाही" असं शपथेवर सांगितलं. एसटीत बसून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला. मी ओशाळून पिशवी पायाखाली सरकवली.

"हर्णैचे सोडे का?" त्याने विचारलं. "कितीला दिले?"

मी सांगितलं.

"फसवलं तुम्हाला," तो म्हणाला आणि डोळे मिटून झोपला.