रात्रपाळीची गोळी

इचलकरंजीत मेडिकल असलं की संध्याकाळी सात ते आठ हा तास मान वर करू देत नाही. आठला पाळी बदलते. कामावर निघालेली माणसं सायकल, मोटारसायकल दारात आडवी लावतात आणि पित्ताची, अंगदुखीची, झोप उडवायची गोळी मागतात. (शेवटची मी देत नाही, तरी मागतात.) त्या गर्दीत एका जॉबरमामांनी हात पुढं केला. "ताई, सॉर्बिट्रेट. धा कापून द्या."

मी पट्टीला कात्री लावली आणि थांबले. चार-पाच दिवसांपूर्वीच त्यांनी दहा नेल्या होत्या. छातीत दुखलं तरच घ्यायची गोळी इतक्या लवकर संपते, म्हणजे छाती रोज दुखते.

जॉबर म्हणजे मागाचा मेकॅनिक. कुठला माग अडला, बीम म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ बदलायचा झाला, की याला हाक. मामांना वर्षापूर्वी महात्मा फुले योजनेतून स्टेंट बसला होता. एक मोठी नळी मोकळी झाली, बाजूच्या बारीक नळ्यांत स्टेंट बसण्याजोगी जागा नव्हती, म्हणून त्या 'गोळ्यांवर ठेवल्या'. स्टेंट घातला म्हणजे विषय संपला असं घरच्यांना वाटतं. पण अँजिओप्लास्टी होऊनही बऱ्याच जणांना अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारं छातीचं दुखणं, उरतो, आणि तो गोळ्यांनीच आवरायचा असतो.

गर्दी असली तरी दोन गोष्टी विचारल्याशिवाय त्यांना सोडणं शक्य नव्हतं. नुसतं बसल्यावर, झोपेत दुखतं का? गोळी ठेवल्यावर किती वेळात थांबतं?

"बसल्यावर न्हाई. बीम उचलाय गेलं की भरून येतंय, पाटे तीन-चारला. बसलो की जातंय पाच मिन्टात."

हे दुखणं ओळखीचं, ताण पडला की येणारं. तरीही वाढत चाललेलं, म्हणजे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. बसल्या जागी दुखलं किंवा गोळीनं थांबलं नाही तर 108 ला फोन, माझ्याकडं यायचं नाही, हे दोनदा सांगितलं. आणि सकाळी सुटल्यावर सगळ्या गोळ्या, फाईल आणि मामींना घेऊन यायला सांगितलं. गोळ्यांचा खरा हिशेब मामींकडं असतो.

सकाळी मामींनी काउंटरवर पिशवी पालथी केली. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अटोरवास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, सगळं जागच्या जागी. एकही चुकवलेली नाही. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट 20 मिलिग्रॅम, सकाळी आठ आणि दुपारी तीन, हीसुद्धा वेळच्या वेळी. मामा मात्र वैतागले होते. "ह्या गोळ्यांनी निस्तं डोकं ठणकतंय, छातीला काय न्हाई. बंदच करतो समद्या."

त्या 'समद्या' शब्दानं माझ्या पोटात गोळा आला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत. छातीचं दुखणं थांबवणं हे त्यांचं कामच नाही, त्यामुळं त्यांचा गुण कधी जाणवत नाही आणि वैतागलेला माणूस आधी त्याच सोडतो. आधी हे समजावलं, मग मोनोनायट्रेटकडं वळले.

चिठ्ठी अगदी बरोबर होती. नायट्रेट रक्तवाहिन्या सैल करतं, हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं आणि हृदयाचं काम हलकं होतं. पण चोवीस तास अंगात राहिलं तर शरीर त्याला दाद देईनासं होतं. डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांना याच जातीच्या नायट्रोग्लिसरीनमुळं सोमवारी डोकेदुखी व्हायची, आठवडाभरात अंगवळणी पडून थांबायची आणि रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा सुरू. म्हणून मोनोनायट्रेटच्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतरानं देत नाहीत. सात तासांनी दुसरी, मग दहा-बारा तासांची मोकळीक. ही मोकळीक रात्री येते, कारण रात्री माणूस झोपतो.

मामा झोपत नव्हते. ते कैक वर्षं रात्रपाळीला. आठला सुटायचं, घरी येऊन पहिली गोळी, भाकरी, झोप. तीन वाजता मामी हलवून उठवायच्या, दुसरी गोळी, पुन्हा झोप. म्हणजे औषध कामावर असायचं तेव्हा मामा अंथरुणात, आणि पहाटे मामा बीमला हात घालायचे तेव्हा औषधाची सुट्टी. डोकेदुखी तेवढी पदरात.

फार्मासिस्टनं आपल्या मनानं वेळ बदलायची नसते. दुपारी कोल्हापूरच्या डॉक्टरांना गाठलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "रात्रपाळी? फाईलमध्ये 'खाजगी नोकरी' लिहिलंय." त्यांनी दुसऱ्याच दिवशी मामांना बोलावलं, ईसीजी काढला, रक्तदाब उभा-आडवा दोन्ही पाहिला आणि वेळ फिरवली. संध्याकाळी सात, रात्री दोन. बाकी गोळ्या होत्या तशाच.

चिठ्ठी बदलायला पाच मिनिटं लागली. कारखान्यात बसवायला वेळ लागला. दोनचा मोबाइलचा गजर मागांच्या खडखडाटात ऐकू येईना. मग मामांनीच तोडगा काढला. चहावाला पोरगा दोनच्या सुमारास किटली घेऊन येतो, त्याला बघितलं की गोळी. शिवाय आता औषध अंगात असताना वाकून मागाखाली शिरायचं होतं. नायट्रेटवर झटक्यात उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येऊ शकते, आणि शेजारी चालता माग. गुडघ्यावर थांबायचं, काहीतरी धरायचं, मग उठायचं, असं मी त्यांच्याकडून काउंटरसमोर करून घेतलं. मागची गिऱ्हाईकं हसली, हसू देत.

सॉर्बिट्रेट ते पाण्याबरोबर गिळायचे, हेही तेव्हा कळलं. जिभेखाली ठेवायची, तीही बसून, नाहीतर गुण यायला फार वेळ जातो. "तंबाखूची जागा ओठाची, हिची जिभेखाली," असं मी सांगितल्यावर मामी म्हणाल्या, "तंबाखू सोडलाय म्हणत्यात, खरं खिशात पुडी असतीया." ती पुडी तिथंच माझ्या कचऱ्याच्या डब्यात गेली.

एक प्रश्न मामी पाणी प्यायला बाजूला गेल्यावर हळू आवाजात विचारावा लागतो. ताकदीच्या गोळ्या वगैरे घेता का? सिल्डेनाफिल आणि नायट्रेट एकत्र आलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरतो. बायामाणसांनी विचारायचं म्हणजे अवघड, पण न विचारणं परवडत नाही. मामा लाजले. "कशाचं काय ताई, रातभर कारखान्यात असतोय."

नव्या वेळेनं पहिल्या आठवड्यात डोकेदुखी पुन्हा वाढली. त्याचं खापर माझ्यावर फुटलं. डॉक्टरांनी चालेल म्हटल्यावर पॅरासिटामॉल दिली, हळूहळू ते ठणकणं उतरलं. सुट्टीच्या दिवशी काय करायचं, हे मामांनी स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी वेळ तीच ठेवायला सांगितली, खिशात सॉर्बिट्रेट आहेच.

दहाची पट्टी आता महिना ओलांडते. दुखणं पुरतं गेलेलं नाही. बीम एकट्यानं उचलला की अजून भरून येतं, म्हणून डॉक्टरांनी दोन पोरं हाताखाली घ्यायला सांगितलंय. परवा सात वाजता आले तेव्हा विचारलं, जमतंय का सगळं.

"गोळ्यांचं जमलं ओ. त्या पोरांस्नी हाक मारायचं जमंना अजून."