भावाचं पालकत्व आणि दुधाचे पैसे

बाबा २०२२ च्या दिवाळीनंतर गेले. त्यांच्या दोन एफडींवर नॉमिनी म्हणून माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक, कागदाला एकदम पक्के. त्यांना वाटलं असणार, काम झालं. दिवस-कार्य आटपल्यावर आई, मी आणि तो असे तिघं बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म पुढे सरकवला. भावाने नेहमीप्रमाणे त्यावर दोन गोल आणि एक उभी रेघ काढली. ही त्याची सही. मुलाने ती बघितली, मग भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, हे असे आहेत हे आधी सांगायचं ना," म्हणाला आणि उठून आत गेला.

मॅनेजर बाहेर आले. "कोर्टाकडून पालकत्वाचा हुकूम आणा."

"अहो, मी आई आहे त्याची," आई म्हणाली.

"वय काय यांचं?"

"छत्तीस."

"मग आई असून उपयोग नाही."

बोलण्याची पद्धत वाईट होती, पण मुद्दा खरा निघाला. मूल कसंही असो, अठरा पूर्ण झाले की कायद्याच्या लेखी आई-वडील त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. त्याला अठरा होऊन तितकीच वर्षं लोटली होती आणि आमच्या घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा होते तोवर ठाऊक असायची गरजही पडली नाही.

भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे. लहानपणी त्याच्या शाळेच्या पाटीवर मतिमंद होतं, मग मनोविकल आलं, मग विशेष, आता हे. गल्लीत मात्र त्याला एकच नाव आहे, मामा. माझी मुलं सुट्टीत यायची तेव्हा मामा मामा करत त्याच्यामागे धावायची. त्यांचं ऐकून दूधवाला म्हणायला लागला, मग किराणावाले, मग मंडळाची पोरं. आज सत्तरीचे इस्त्रीवाले आजोबासुद्धा त्याला मामाच म्हणतात.

वकिलांनी सांगितलेला खर्च ऐकून आई गप्प झाली. मार्ग दाखवला त्याच्या जुन्या शाळेतल्या बाईंनी. त्या म्हणाल्या, कोर्टात कशाला जाता, कलेक्टर कचेरीत स्थानिक स्तर समिती असते, तिथे अर्ज करा. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (कायद्यात अजून तोच शब्द आहे) आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केलेला. या कायद्याखाली ही तीन जणांची समिती असते: जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आई किंवा वडील अर्ज करून आपल्या पसंतीच्या माणसाला पालक नेमायला सांगू शकतात. म्हणजे अर्ज आईचा आणि पालक म्हणून नाव माझं. आई सत्तरीची, मी चव्वेचाळीसची, असा साधा हिशोब केला. बाबांची फॅमिली पेन्शन आईनंतर त्याला आयुष्यभर मिळू शकते, तेव्हाही हेच कागद लागणार होते.

त्याआधी दिव्यांगत्वाचा नवा दाखला हवा होता. घरात होता तो २००३ सालचा, घड्या पडून चार तुकडे झालेला, वर टाचणीने लावलेल्या फोटोत भाऊ सतरा वर्षांचा. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज भरला आणि २०२३ च्या पावसाळ्यात दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलला गेलो. बोर्डाचा दिवस म्हणजे जत्रा. व्हीलचेअर, कडेवरची पोरं, डबे, पिशव्या, आणि सगळ्यांना एकाच खिडकीवर जायचं. पहिल्या खेपेला नंबरच लागला नाही. दुसऱ्या खेपेला मानसशास्त्रज्ञ रजेवर. तिसऱ्यांदा आत गेलो.

आतली मुलगी तरुण होती, घाईत होती, पण बोलायला बरी. तिने भावापुढे लाकडी पाट ठेवला. त्यातल्या खाचांमध्ये चांदणी, गोल, चौकोन बसवायचे. त्याने ते मन लावून केलं, चांदणीला मात्र दोनदा दाबून बघितलं. मग तिने आईला विचारायला सुरुवात केली. ही व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मोजणी. आपल्याकडची तिची आवृत्ती नागपूरच्या डॉ. मालिन यांनी बेतलेली आहे, ८९ प्रश्नांची. जेवतो का, बटणं लावतो का, शेजारीपाजारी एकटा जातो का. आई भराभर सांगत होती.

"किरकोळ खरेदी करतो?"

"हो."

"पैसे विश्वासाने सोपवता येतात?"

"म्हणजे काय! दुधाचे पैसे तोच देतो रोज."

मी टेबलाखालून आईचा पाय दाबला. दाखल्यावरचं दिव्यांगत्व पंच्याहत्तर टक्क्यांवरून पन्नासवर आलं तर एसटीत सोबत्याची सवलत जाते, कारण तिला पासष्टच्या वर लागतात. पुढे पेन्शनच्या वेळी कोण काय काढेल, सांगता येत नाही. आईने पाय मागे घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला बाई म्हणून अर्धं तिकीट आहेच आता. आणि त्याच्यासमोर खोटं कशाला बोलू?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला टक्के कळत नाहीत, पण आपल्याबद्दल काय चाललंय ते बरोबर कळतं.

त्या मुलीने पेन थांबवलं. "आजी, शंभराची नोट दिली तर परत किती यायचे, हे सांगतो का?"

आता आई अडखळली. नाही सांगत. दूधवाला बाकीचे पैसे एका चिठ्ठीत गुंडाळतो, वर आकडा लिहितो आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावतो. किराणावालेही तसंच करतात. बावीस वर्षं असंच चाललंय आणि एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. मुलीने ऐकून घेतलं आणि त्या प्रश्नापुढे फुली मारली. तिचंही बरोबर होतं, प्रश्नात दूधवाला नव्हता. दाखला पंच्याहत्तरचाच आला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज परतीच्या एसटीत बराच वेळ पुरली.

अर्जाचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात झेरॉक्सशिवाय काही नाही. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रिंट, दोघांची ओळखपत्रं, पत्ता, जन्माचा पुरावा, दिव्यांगत्वाचा दाखला, आमचे फोटो, माझी संमती. एक सल्ला देते. कुठेही कागद द्याल तिथे आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आमची फाइल एकदा या टेबलावरून त्या टेबलावर जाताना महिनाभर कुणालाच दिसत नव्हती, त्या शिक्क्यामुळे सापडली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये समितीवरच्या संस्थेच्या बाई घर बघायला आल्या. येणार हे आईने गल्लीत सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आमची पुढची खोली भरलेली. शेजारच्या काकू, इस्त्रीवाले आजोबा, मंडळाचा खजिनदार. गणपतीत मामाशिवाय झांज नाही, वर्गणीला मामा पुढे असला की कुणी दार लावत नाही, वगैरे. बाई लिहून घेत होत्या. मला छाती फुगल्यासारखं होत होतं.

"दिवसभर काय करतात?"

काकू कौतुकाने म्हणाल्या, "अहो, आमच्या बिल्डिंगमधले पाण्याचे सगळे जार मामाच वर चढवतो. तीन मजले! हूं की चूं नाही."

"पैसे किती देता?"

खोलीत एकदम शांतता. काकूंनी पदर सारखा केला. आजोबा म्हणाले, "तो कुठे मागतो." वीस लिटरचा जार. माझ्या डोळ्यांसमोर तो वर्षानुवर्षं ते चढवत होता आणि मी दर सुट्टीत 'बघा, गल्लीने कसं सामावून घेतलंय' असं ठाण्यात, मी राहते तिथे, सांगत फिरत होते. चहा आला म्हणून सगळे सुटले. पण दुसऱ्या दिवशी काकू स्वतः येऊन आईला म्हणाल्या, जारमागे दहा रुपये देऊ. त्याला दहाचं नाणं आवडतं, दोन रंगांचं असतं म्हणून. पारलेच्या जुन्या डब्यात साठवायला लागला.

मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि समितीची बैठक पुढे गेली. कलेक्टर कचेरीतल्या क्लार्कने "आता जूननंतर या" असं इतक्या सहज सांगितलं की भांडायलाही सुचेना. पण त्या निवडणुकीचं एक सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे ७ मे रोजी मतदान होतं. बाबा त्याला दर वेळी न्यायचे, म्हणून मी ठाण्याहून आले आणि घेऊन गेले. केंद्रावरचे एक साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "यांचं मत कसं घ्यायचं? हे तर..." मी म्हटलं, कोर्टाने एखाद्याला विकल मनाचा ठरवलं तरच यादीतून नाव जातं, आणि यादीत नाव आहे. शाळेच्या बाईंनी हे मला आधीच शिकवून पाठवलं होतं. समितीकडून पालकत्व घेतल्याने मताला धक्का लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं. साहेबांनी यादी पुन्हा बघितली आणि शाई लावली. मतदान गुप्त असतं हे मी त्याला तीनदा बजावलं होतं. घरी येईपर्यंत त्याने कुठलं चिन्ह दाबलं ते सगळ्या गल्लीला माहीत झालं.

सुनावणी ऑगस्टमध्ये झाली. मोठ्या टेबलापलीकडे तिघं. अधिकारी, संस्थेच्या बाई आणि कुबड्या भिंतीला टेकवून बसलेले एक गृहस्थ. या समितीने दोन गोष्टी बघायच्या असतात: माणसाला पालकाची खरंच गरज आहे का, आणि कशासाठी आहे. मला वाटलं होतं हे सगळं आमच्याशी बोलून ठरवतील. अधिकाऱ्यांनी खुर्ची थोडी वळवली आणि त्यालाच विचारलं, "नाव काय तुमचं?"

"मामा."

ते हसले नाहीत. "मामा, तुमच्या बाबांच्या पैशांचं काम ताईंनी बघितलं तर चालेल?"

तो बराच वेळ गप्प. मी तोंड उघडणार, तेवढ्यात संस्थेच्या बाईंनी हाताने मला थांबवलं. शेवटी म्हणाला, "बाबांचं पुस्तक ताईला द्या." पुस्तक म्हणजे पासबुक. मग एकदम आवाज चढवून, "दुधाचे पैसे मी देतो. ताई ठाण्याला असते."

कुबड्यावाले गृहस्थ पुढे झुकले. "दुधाचे तुमच्याकडेच. लिहायचं का तसं?"

"लिहा."

लिहिलं की नाही मला माहीत नाही, पालकत्वाच्या दाखल्यावर तरी तसं काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, पालक आणि ती व्यक्ती यांनी एकमेकांच्या विश्वासाने, मिळून निर्णय घ्यायचे अशी. ते आमच्या कागदात बसत नव्हतं. तरी त्या खोलीत पाच मिनिटं तसंच काहीतरी झालं, असं मला वाटतं.

दाखला घेऊन बँकेत गेलो तर नवे मॅनेजर म्हणाले, "हे कलेक्टरचं आहे, कोर्टाचं नाही." या वेळी मी तयार होते. रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच परिपत्रक काढून स्थानिक स्तर समितीचे दाखले ग्राह्य धरायला बँकांना सांगितलंय, त्याची प्रत पिशवीतून काढली. त्यांनी ती वरच्या ऑफिसला पाठवली, बारा दिवस गेले, काम झालं. ज्यांना अजून बँकेत जायचंय त्यांनी ते परिपत्रक आधीच काढून ठेवावं, नुसत्या शब्दावर कुणी हलत नाही.

मधे मी त्याला महिनाभर ठाण्याला आणलं होतं. उद्या आईनंतर काय, याची रंगीत तालीम म्हणून. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बाग आहे, क्लबहाउस आहे, लिफ्टला रॅम्प आहे. चौथ्या दिवशी तो एकटा खाली गेला तर वॉचमनने गेटवर अडवून ठेवला, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून "हे कुणाचे आहेत?" असं विचारलं. त्याच्या जागी तो बरोबरच वागला म्हणायचं. पण पुढचे सगळे दिवस भाऊ गॅलरीत उभा राहिला. दूध पिशवीतून येतं, पहाटेच दाराला लटकलेलं असतं, पैसे मोबाइलवरून जातात. त्याच्यासाठी तिथे काही उरलेलंच नव्हतं. बदलापूरला प्रौढांसाठी कायम राहायची संस्था आहे, अशा आणखीही आहेत, मी माहिती काढून ठेवली आहे. आई तो विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते.

पालक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. यादी दिली. पहिला हिशोब गेल्या जूनमध्ये केला, आमच्या पुढच्या खोलीत, कॅल्क्युलेटर घेऊन. एफडी, व्याज, औषधं, दोन शर्ट, चपला. भाऊ समोर बसला होता. मधेच उठला, आतून पारलेचा डबा घेऊन आला आणि माझ्या कागदांवर ठेवला.

"किती झाले रे?"

"खूप."

मी फॉर्म परत वाचला. पालकाच्या ताब्यात जे असेल त्याचा हिशोब मागितला होता. डबा माझ्या ताब्यात नाही, म्हणून लिहिला नाही. त्याने झाकण लावलं, आत नेऊन ठेवला आणि दूध आणायला गेला.