पिल्लांचा वाफसा

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या अमेरिकेतल्या फिनिक्सच्या घरी सुल्काटा कासवाची दोन पिल्लं आली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांच्या परसात मोठी जोडी आहे, तिची ही. अक्रोडाएवढाले जीव. चिंगी 34 ग्रॅम, बंडू 36. देताना त्यांनी निक्षून सांगितलं, "हे वाळवंटातलं कासव, ओल अजिबात नको. पाणी आठवड्यातून एकदा दाखवलं तरी पुरे."

मीही तसंच केलं. उघडा टब, खाली वाळक्या गवताच्या गोळ्या, वर दिवा. त्यात घरात चोवीस तास एसी. बाराव्या दिवशी चिंगी जागची हलेना. डोळे खोल गेलेले, वजन 30 वर. शीबरोबर पांढरा भाग पडतो तो बोटांत चोळून पाहिला, तर रेतीसारखा खरखरला. खरं तर तो दंतमंजनाच्या पेस्टसारखा मऊ असायला हवा. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाल्या, "हिला दुसरं काही झालेलं नाही. ही तहानलेली आहे."

सुल्काटा मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं. पण तिथेही ते कडक ऊन बिळात काढतं, आणि बिळातली हवा दमट असते. आपण फक्त बाहेरचं वाळवंट बघतो. 2003 साली व्हिएन्नातल्या अभ्यासकांनी याच जातीची पिल्लं वाढवून पाहिली. पाठीवर टेंगळं येण्यामागे खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा कोरडी हवा जास्त कारणीभूत, असं त्यांना आढळलं.

त्याच संध्याकाळी पसरट भांड्यात कोमट पाणी घेतलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीला मनगटावर बघतो तेवढंच कोमट, आणि पाठीची ढाल पोटाच्या ढालीला मिळते तिथवरच खोल. चिंगीने थोडा वेळ नुसतं बघितलं. मग मान लांब करून तोंड पाण्यात बुडवलं. गळ्याची ती पातळ कातडी कितीतरी वेळ वरखाली होत राहिली. मी भांड्यापाशी बसून रडले.

पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ, नंतर रोज एकदा वीस-पंचवीस मिनिटं डुंबणं. हे सोपं होतं. टबातल्या अंथरुणाने मात्र मला रडकुंडीला आणलं. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवून चार इंचांचा थर केला आणि फवाऱ्याने पाणी मारत राहिले. सकाळी ओलं, दुपारी वरचा पापुद्रा पापडासारखा. हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर 35 टक्क्यांच्या वर जाईना. शेवटी दोन गोष्टी बदलल्या. उघडा टब काढून झाकणाची काचेची पेटी आणली, आणि पाणी वरून न मारता चारही कोपऱ्यांत ओतायला लागले. ते तळाशी मुरतं, तिथून हळूहळू वर येतं, आणि पिल्लांच्या पोटाखालचा थर चिखल होत नाही. माझे आजोबा पेरणीआधी मातीची मूठ वळून बघायचे. गोळा व्हायला हवा, पण बोटांतून पाणी सुटता कामा नये. वाफसा म्हणतात त्याला. कोकोपीटलाही तोच हिशेब लागतो. आता काटा 80 च्या आसपास असतो.

ओल आणि गारवा एकत्र मात्र घातक, छाती भरते. म्हणून सिरॅमिकचा हीटर लावून रात्रीही पेटी 27 अंशांच्या खाली जाऊ देत नाही. मध्ये एकदा पांढरी बुरशी धरली, तेवढा भाग काढून बाकीचं खालीवर केलं. एवढंच.

भारतातल्या मैत्रिणी फोटो बघून "आपल्याकडे कुठे मिळतील?" विचारतात. त्यांना कळकळीने सांगते, आपलं तारा कासव पाळणं कायद्याने गुन्हा आहे, ती जंगलातून चोरून आणतात, घेऊ नका. आणि सुल्काटा म्हणाल तर मोठं होऊन चाळीस किलोंच्याही पुढे जातं.

जानेवारीत चिंगी 96 ग्रॅमची झाली. तिच्या पाठीवरच्या खवल्यांच्या मधे नव्या वाढीच्या फिकट पट्ट्या दिसतात. रोज डुंबून झालं की मी त्यांवरून अंगठा फिरवते. अजून तरी सपाट लागतात.