रेड वाइन आणि मासा: गंज कुठून येतो ते सापडलं (बहुतेक)

मागच्या नोंदीत मी हात टेकले होते. पिनो न्वार या रेड वाइनच्या दोन बाटल्या, दोन्ही हलक्या, दोन्हींत टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) नावापुरतं, आणि तव्यावर भाजलेला एकच बांगडा. बाटली 'अ'बरोबर जोड अशी बसली की काटेसुद्धा चोखून झाले. बाटली 'ब'चा घोट घेतला आणि जुन्या खिळ्यांचा डबा तोंडात उपडा झाल्यासारखं वाटलं. वर माशाचा शिळा, तेलकट वास, तोही गिळून झाल्यावर नाकात मागून येणारा. तेव्हा वहीत 'टॅनिन??' असं लिहून तीनदा अधोरेखित केलं होतं. ते आता खोडलंय.

गेले पाच आठवडे याच एका प्रश्नात गेले: माशाबरोबर ही गंजाची, धातूची चव येते कुठून. चीज, चॉकलेट, मशरूम सगळं बाजूला पडलंय, त्याबद्दल क्षमस्व.

आधी टॅनिनचा निकाल लावला. घरी वाइन करणारे वापरतात ती द्राक्षाच्या टॅनिनची भुकटी आणली आणि एका साध्या, ओकच्या पिपात न ठेवलेल्या व्हाइट वाइनमध्ये चिमूटभर विरघळवली. जीभ टाळूला चिकटेल इतकी तुरट झाली. त्यावर बांगडा खाल्ला. तोंड आणखी कोरडं पडलं, किंचित कडूही लागलं, पण गंज नाही. पुन्हा केलं, भुकटी वाढवली, तरी नाही. म्हणजे 'टॅनिन आणि मासा मिळून धातूची चव' हे जे आपण सगळेच डोळे मिटून सांगत आलो (मीही, आणि फार ठामपणे), ते निदान माझ्या स्वयंपाकघरात तरी टिकलं नाही. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, त्याने तोंड कोरडं पडतं. तो वेगळा त्रास आहे.

मग २००९ सालच्या जपानी प्रयोगाकडे वळलो. तुमच्यातल्या काहींना तो पाठ असेल. ६९ वाइन, बरोबर स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले), आणि प्रत्येक वाइनने मागे किती मासळी वास सोडला त्याची नोंद. तो वास वाइनमधल्या लोहाबरोबर वाढत गेला, लिटरला साधारण २ मिलिग्रॅमच्या वर ठळक झाला, आणि लोहाला बांधून ठेवणारा पदार्थ घातल्यावर उतरला. म्हणजे रंगाचा दोष नाही. रेडमध्ये लोह बरेचदा जास्त असतं म्हणून रेड बदनाम, इतकंच. माशाच्या चरबीतले असंतृप्त घटक हवेने थोडे खराब झालेले असतातच. लोह त्यांचं झटपट विघटन घडवतं आणि वासाचे रेणू तोंडातच तयार होतात.

वाचायला हे झकास आहे. घरी पडताळायचं कसं?

पहिला डाव फसला, आणि मूर्खपणाने फसला. लोहाचं सिरप आणलं. व्हाइटच्या ग्लासात चार थेंब टाकले आणि धाकट्या बहिणीला ग्लास अदलाबदल करून ठेवायला सांगितलं. मी पहिल्याच फेरीत ओळखलं, दुसरीत ओळखलं, कॉलर ताठ झाली. मग तिने विचारलं, "दादा, तू लोह ओळखतोयस की साखर?" सिरप गोडमिट्ट! सगळा दिवस वाया.

दुसऱ्या खेपेला लोहाची, म्हणजे फेरस सल्फेटची, गोळी घेतली. वरचं रंगीत आवरण धुवून काढलं, गोळी कुटली, पाण्यात ढवळली, कॉफीच्या फिल्टरमधून गाळली. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, पाणी ६०० मिलिलिटर. म्हणजे दर मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम. ५० मिलिलिटर वाइनमध्ये यातलं अडीच मिलिलिटर घातलं की लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅमची भर पडते. लोह नसलेल्या ग्लासांत तितकंच साधं पाणी घालायचं, नाहीतर जी वाइन पातळ लागेल ती 'लोहवाली' हे शेंबडं पोरही सांगेल. (एक छोटी बाटली सोडून उरलेलं द्रावण लगेच ओतून दिलं. लोहाच्या गोळ्या लहान मुलांना घातक असतात, घरात मुलं असतील तर हा खेळ उघड्यावर मांडू नका.)

चाचणी त्रिकोणी: तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कोणता ते सांगायचं. डोळ्यांवर पट्टी. ओतायचं काम बहिणीचं. थुंकायला भांडं, कारण सहा फेऱ्या गिळत केल्या तर सातव्याला बांगडासुद्धा ओळखू येणार नाही.

माशाशिवाय: सहापैकी दोन बरोबर. नुसत्या अंदाजाने जेवढे यावेत तेवढेच. लोह मला वाइनमध्ये कळतच नव्हतं.

माशाचा घास खाऊन: सहापैकी पाच बरोबर. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली आहे. आणि खरं सांगायचं तर आकडेमोडीची गरजच नव्हती. पाचही वेळा तोच खिळ्यांचा डबा, तोच बाटली 'ब'चा मागून येणारा वास, आणि तोही एका स्वच्छ, फिकट, निरागस व्हाइटमधून! मी पट्टी काढून खुर्चीतून उठलोच. सहाव्या फेरीत चुकलो ते आधीचा वास तोंडातून गेला नव्हता म्हणून, असं माझं म्हणणं आहे. बहिणीचं म्हणणं वेगळं आहे.

दुसऱ्या दिवशी बढाई मारायला मित्राला बोलावलं आणि पुन्हा नवी गोळी कोण कुटणार म्हणून आदल्या रात्री बाजूला काढून ठेवलेली एक छोटी बाटलीच वापरली. द्रावण पिवळसर झालं होतं, पण मी दुर्लक्ष केलं. मित्र सहापैकी तीन, मीही सहापैकी तीन. तोंडावर आपटलो. कारण डोळ्यांसमोर होतं: पिवळं पडलं म्हणजे हवा लागून फेरस लोहाचं फेरिक (लोहाचंच दुसरं रूप) झालं, आणि हा सगळा उद्योग फेरसचा आहे असं दिसतंय. ताजी गोळी कुटून पुन्हा केलं, तेव्हा मित्र चारवर गेला. तेवढ्याने सिद्ध काही होत नाही, पण मी खूश झालो. द्रावण नेहमी ताजं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता खरी डोकेदुखी. बाटलीवर लोहाचं प्रमाण छापलेलं नसतं. ते माती, द्राक्षांवरची धूळ, वाइनरीतली भांडी अशा अनेक गोष्टींवर ठरतं; द्राक्षाच्या जातीवरून अंदाज बांधता येत नाही. पाण्यातलं लोह तपासायचं किट मागवलं. त्यात नारिंगी-लाल रंग येतो, त्याच्या गडदपणावरून आकडा वाचायचा. व्हाइटसाठी कामचलाऊ. रेडमध्ये रेडचाच रंग दिसतो, दुसरं काय दिसणार. पैसे गेले. शिवाय ज्याने पाठवलं त्याने मुदत संपत आलेलं किट पाठवलं होतं. तिथून पुन्हा काही मागवणार नाही.

आठवडाभर इथेच अडकलो होतो. मग एका रात्री तेलातल्या सार्डिनचा डबा फोडून उभ्याउभ्या खात असताना डोक्यात आलं: ज्या माशाने गंज पकडला तोच मासा हेर म्हणून का वापरू नये? छोट्या ग्लासात दहा मिलिलिटर वाइन, त्यात बोटाच्या पेराएवढा सार्डिनचा तुकडा, वर बशी झाकायची, पाच मिनिटं थांबायचं, मग बशी काढून हुंगायचं. शेजारी तोच तुकडा साध्या पाण्यात, तुलनेसाठी. चव घ्यायचीच नाही.

जमतंय! बाटली 'ब'ने बशी काढताच तोंड फिरवायला लावलं. बाटली 'अ' जवळजवळ पाण्यासारखी शांत. घरात होत्या त्या सगळ्या रेड रांगेत लावल्या. आठपैकी तीन नापास. गामे ही हलकी रेड उत्तम पास. एक भारदस्त, टॅनिनने भरलेली काबर्ने, जी मी माशाजवळ फिरकूही दिली नसती, तीही पास. तुरट होती, पण गंज नाही. आणि मग सहज म्हणून दोन व्हाइट लावल्या तर त्यातली एक नापास. माशाबरोबर व्हाइट म्हणजे निर्धास्त, हेही गेलं.

डबाबंद मासा घ्या, ताजा नको. ताज्यात चरबी फारशी खराब झालेली नसते, त्यामुळे हेर झोपा काढतो. उलट, ताटातल्या जोडीला हाच नियम फिरवून लावा: मासा जितका ताजा, तितकी नापास वाइनही खपून जाते. मागच्या महिन्यात एक जोड एका दिवशी जमली आणि दुसऱ्या दिवशी बिघडली होती, मी बाटलीला शिव्या घातल्या होत्या. आता वाटतं, दोष फ्रिजमध्ये राहिलेल्या माशाचा होता.

ग्लासांबद्दल एक. हुंगायला ते फुग्याएवढे मोठे ग्लास अजिबात नकोत. वाइन चाखायचे प्रमाणित (आयएसओ) छोटे, वर निमुळते होणारे ग्लास घ्या, दिसायला कंजूस, पण वास धरून ठेवतात. आणि उघडलेली बाटली टिकवायला व्हॅक्यूम पंप मी कायमचा कपाटात टाकलाय. हवा ओढताना तो सुगंधही ओढून नेतो असा माझा संशय आहे. आर्गॉन या निष्क्रिय वायूचा फवारा मारून फ्रिजमध्ये ठेवलेली पिनो चौथ्या दिवशीही ओळखीची होती.

एका जुन्या पराभवाचा हिशेबही या धांदलीत चुकता झाला. आर्टिचोक ही भाजी. त्यातल्या सायनारिन या घटकामुळे पुढचं सगळं गोड लागतं; १९७२ मध्ये लिंडा बार्टोशुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की आर्टिचोकनंतर काहींना साधं पाणीही गोड लागतं. माझ्या सगळ्या व्हाइट त्यावर सरबत व्हायच्या. यावेळी थंडगार फिनो शेरी (एक स्पॅनिश वाइन) ओतली. मुळात इतकी कोरडी, म्हणजे बिनगोडाची, की गोडवा चढूनही जेमतेम माणसात आली. खारवलेल्या बदामासारखी चव तशीच. दोघांनी मिळून चार आर्टिचोक संपवले, एकही शब्द न बोलता.

पुन्हा गंजाकडे. नापास 'ब'ला वाचवता येईल का हे पाहायला बांगडा दोन भागांत केला, एकावर लिंबू पिळलं. लिंबाच्या बाजूला गंज बराच कमी. कारण सरळ वाटतं: लिंबातलं सायट्रिक आम्ल लोहाला धरून ठेवतं, लोहामुळे वाइन गढुळू नये म्हणून वाइन करणारेसुद्धा ते घालतात. पण किंमत मोजावी लागली. आंबट घासावर 'ब' पार सपाट झाली, तिची स्वतःची आम्लता गायब, फळ तेवढं उरलं आणि तेही शिजवल्यासारखं.

पुढचा बेत बारा रेडना सार्डिन दाखवून तक्ता करायचा, असा होता. तो लांबला. कारण हे लिहिताना लक्षात आलं की लिंबाला स्वतःचा वास आहे, आणि त्याने गंज बांधला की नुसता झाकला, हे मला ठाऊक नाही. तेव्हा आधी तीन तुकडे: एकावर लिंबू, एकावर सायट्रिक आम्लाची बिनवासाची भुकटी पाण्यात विरघळवून, एकावर तितकंच आंबट व्हिनेगर. व्हिनेगरचं आम्ल लोहाला तसं घट्ट धरत नाही. व्हिनेगरच्या तुकड्यावर गंज राहिला आणि भुकटीच्या तुकड्यावर गेला, तर लोह बांधलं जातंय. दोन्हींवर राहिला, तर लिंबाने मला फसवलं. दोन्हींवर गेला, तर मग आंबटपणाच काहीतरी करतोय, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

'ब' आर्गॉनखाली अजून अर्धी आहे. बांगडा उद्या येतोय. तिघांचा आंबटपणा सारखा कसा करायचा, तेवढं मात्र अजून ठरलेलं नाही. नुसत्या जिभेवर भरवसा ठेवला तर बहीण पुन्हा साखरेची आठवण करून देईल, म्हणून आम्लता मोजणाऱ्या पीएचच्या पट्ट्या मागवल्यात. पण पीएच सारखा केला म्हणजे आंबटपणा सारखा लागतोच असं नाही. कोणी हे आधी केलं असेल तर ओतण्याआधी सांगा, बाटली एकच उरलीय.