बेटावरचा सरडा आणि मुख्य भूमीवरचा सरडा

अनोल सरड्यांच्या सुमारे 400 जाती आहेत. क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि पोर्टो रिको या कॅरिबियन बेटांवर तेच ते बांधे (जागेला साजेशी शरीराची ठेवण) स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा घडले. खोडाच्या बुंध्याशी राहणाऱ्याचे मागचे पाय लांब, कारण रुंद पृष्ठभागावर धावायचं आणि उडी मारायची असते. बारीक फांदीवरच्याचे पाय आखूड, चाल संथ. लांब पाय तिथे घसरतात. असे सहा बांधे आहेत. क्युबा आणि हिस्पॅनिओलावर सहाही, पोर्टो रिकोत पाच, जमैकात चार.

मुख्य भूमीवर, म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, हा साचा नीट बसत नाही. तिथे साप-पक्ष्यांचा धाक जास्त असल्याने सरड्यांची दाटी सहसा कमी. बेटांवर मात्र खाण्यासाठी आपसातच चढाओढ. मला हेच कारण सर्वांत पटतं. पण गंमत बघा, मुख्य भूमीवरच्या अनेक जातींचे पूर्वज बेटांवरूनच परत गेलेले आहेत!

तुलना करताना लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळाजवळच्या छिद्रापर्यंतच मोजा. शेपूट धरू नका, ती तुटून पुन्हा आखूड उगवते. नर-मादी वेगळे ठेवा. पायांच्या लांबीची थेट तुलना करू नका, मोठ्या सरड्याचे पाय लांब असणारच. अंगाच्या आकाराचा परिणाम आधी वजा करा. जतन केलेले नमुने आक्रसतात, म्हणून जिवंत सरड्यांची मापं त्यांत मिसळू नका. आणि वंशवृक्ष (कोणती जात कोणाची किती जवळची नातलग) विसरलात तर सख्ख्या जातींचं साम्य तुम्ही परिसराच्या खात्यावर मांडाल.