तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी लेन्सच का?

नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या मनोऱ्यावर हटकून कुणीतरी विचारतं, "दादा, थोडे पैसे घालून वॉरंटीसकट नवी झूम लेन्स आली असती. हे जुनं धूड कशाला?" दरवेळी मी वेळ मारून नेतो. आज सांगतो.

माझी लेन्स निकॉनची ५०० एमएम एफ/४ पी. १९८८ साली आलेली, वजन तीन किलो, फोकस हातानेच करायचा. तुम्ही सुचवता ती २००-५०० झूम एफ/५.६ ची. हा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं; एफ/४ ला तिच्या दुप्पट प्रकाश आत येतो. डिसेंबरात पहाटे पाण्यावर धुकं असतं, तेव्हा शटरला १/१२५ सेकंदाच्या जागी १/२५० मिळतं. फोटोत पक्षी स्पष्ट आला की हलला, हे त्यावर ठरतं. नवी ५०० एफ/४ माझ्या ऐपतीबाहेर आहे. उडता भोवत्या, हा शिकारी पक्षी, हिच्यात सापडत नाही, हेही कबूल.

पण तुमचा खरा प्रश्न दुसरा असतो: "फसलात ना शेवटी?"

पाच वर्षं शोधल्यावर ती नाशिकरोडला एका घरी असल्याचं कळलं. तिथल्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले गृहस्थ, हौशी फोटोग्राफर, वारलेले. श्रावणातली संध्याकाळ होती. काकूंनी चहा ठेवला, पेटी पुढ्यात आणली. "हे गेल्यापासून हात लावला नाही कुणी." म्हणजे चार पावसाळे. मग म्हणाल्या, "तुम्हीच सांगा काय द्यायचं. मला यातलं कळत नाही."

ऐंशी हजारांच्या खाली ती मी कुठे पाहिली नव्हती. मी पंचेचाळीस म्हटलं.

खिशात टॉर्च होता. अ‍ॅपर्चरची रिंग ४ वर आणून छिद्र पूर्ण उघडायचं, मागून तिरपा उजेड टाकायचा, समोरून काचांत खोट आहे का बघायचं, हे मीच पोरांना शिकवतो. मागच्या खाचेतला ३९ एमएमचा फिल्टर जागेवर आहे का ते पाहिलं. टॉर्च मात्र काढला नाही.

आजवर सांगत आलो की संकोच वाटला. हार घातलेल्या फोटोखाली बसून त्याच माणसाच्या लेन्समध्ये खोट कशी शोधायची? हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. टॉर्च काढला असता तर बोलणं वाढलं असतं. काकूंनी पुण्याच्या मुलाला फोन लावला असता, त्यानं बाजारभाव विचारला असता. मला लवकर निघायचं होतं.

घरी उजेड टाकला तर आतल्या काचेवर फंगस, म्हणजे बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मुंबईच्या कारागिरानं ती खोलून पुसली, पण फंगसनं काचेवरचा पातळ थर, कोटिंग, खाल्लेलं. त्या तंतूंचे वळ राहिलेच. सूर्य समोर आला की फोटो पांढुरका पडतो. मी नेहमी ऊन पाठीवर घेऊन का बसतो, हेही तुम्ही विचारलं होतंत.

तर फसलो का? काकूंना काचेतलं ठाऊक नव्हतं. मला किमतीतलं ठाऊक होतं.

निघताना त्या म्हणाल्या होत्या, "एखादा पक्षी मिळाला की दाखवा हं." चित्रबलाकाचा एक मोठा प्रिंट काढून ठेवलाय, त्याला दोन हिवाळे झाले. न्यायचा तर उरलेले पैसेही न्यावेत, असं वाटतं. मग दुरुस्तीचा खर्च आठवतो आणि वाटतं, फिटलं. पुन्हा वाटतं, कसं फिटलं? नाशिकरोडला कामानिमित्त जाणं होतं. त्या गल्लीत अजून वळलो नाही.